समासातील जागा

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा स्नानसंस्काराचा दाखला मंगळवारी हाती आला आणि काल तो कुरिअरने तुझ्या बंगळुरूच्या पत्त्यावर रवाना केला. तुझे लग्न ज्या चर्चमध्ये लागणार आहे, तेथील मंगळूरच्या फादरांनी सहा महिन्यांच्या आतलाच दाखला मागितला, म्हणून तू फोनवर वैतागला होतास. ‘माझा बाप्तिस्मा काय दर सहा महिन्यांनी बदलतो, पप्पा? कपाटात जुना दाखला आहे, तोच स्कॅन करून पाठवा,’ असे तू म्हणालास, आणि पुढे हेही म्हणालास की, आपल्या चर्चचा सगळा कारभार असाच, कागदाला कागद. इतिहास विचारला तर भिंतीवरची फादरांच्या नावांची पाटी दाखवतात. मी त्या वेळी काही बोललो नाही. फोनवर तुझ्याशी वाद घालणे म्हणजे चालती विरार लोकल पकडणे; या वयात ते मला झेपत नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि घरी आपण कादोडीत, आपल्या वसईच्या बोलीत, बोलत असलो तरी पत्र मात्र शाळेतल्या मराठीत लिहितो आहे, कारण तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला पत्राची दुसरी भाषा येत नाही.

आधी दाखल्याचे सांगतो. बाप्तिस्मा बदलत नाही हे खरेच, पण नोंदवहीत प्रत्येक नावाच्या बाजूला जो समास सोडलेला असतो, तो बदलू शकतो. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झाले, लग्न झाले, कोणी धर्मगुरू झाला, कोणी मठात जाऊन व्रते घेतली, तर ते जगाच्या पाठीवर कुठेही घडलेले असो, त्याची खबर जिथे बाप्तिस्मा झाला त्या धर्मग्रामाकडे, म्हणजे पॅरिशकडे, यावी आणि त्या नावाच्या समासात लिहिली जावी, असा चर्चचा नियम आहे. त्यामुळे नवा दाखला याचा अर्थ एवढाच की आज तारखेला कोणीतरी ती वही उघडून तुझा समास पाहिला आहे. तुझ्या जुन्या दाखल्याला ते कसे ठाऊक असणार? अशा वह्या ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घालून दिला. म्हणजे आपल्या वसईत गावोगावी चर्चेस उभी राहत होती त्याच सुमारास. आपल्या धर्मग्रामांचे आणि या वह्यांचे वय जवळपास एकच आहे.

मंगळवारी पॅरिश ऑफिसात मी दहा वाजता गेलो आणि बाहेर पडलो तेव्हा बाराची घंटा वाजत होती. दाखला लिहायला पाच मिनिटे लागली. उरलेला वेळ मी जुन्या वह्या पाहत बसलो होतो. तेथे काम करणारी मुलगी माझी विद्यार्थिनी निघाली, आणि मास्तरांना काय नाही म्हणायचे म्हणून तिने फादरांना विचारून लोखंडी कपाटातून एकेक वही काढून दिली. समुद्राच्या खाऱ्या हवेने कडा तपकिरी झालेल्या, काही पाने वाळवीने जाळीसारखी केलेली, मध्येमध्ये डांबरगोळ्यांचा वास. ज्या पानांवर शाई जास्त आम्ल होती तिथे अक्षरेच कागद खाऊन आरपार गेली आहेत. पान उजेडात धरले की नावाच्या जागी नावाच्या आकाराचे भोक दिसते.

भिंतीवरच्या पाटीवर फक्त फादरांची नावे आहेत, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. फादर येतात आणि जातात. पाटी हा त्यांच्या येण्याजाण्याचा हिशेब आहे. वहीत मात्र आपण आहोत, आणि ती ज्यांनी लिहिली ते फादर सहीच्या रूपाने तळाशी आहेत. या दोन गोष्टी एकत्र ठेवून वाचल्या तरच धर्मग्राम दिसतो, असे मला त्या दोन तासांत वाटले.

सुरुवातीच्या काळाची वही आपल्याकडे एकही उरलेली नाही. त्या काळाबद्दल तू कॉलेजात असताना माझ्याशी भांडला होतास, म्हणून त्याविषयी जपून लिहितो. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या डिसेंबरात वसई पोर्तुगिजांना दिली आणि त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन मिशनरी आले; नंतर येशूसंघीय (जेझुइट), डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन आले. अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन संन्याशाचे नाव या भागातील सुरुवातीच्या धर्मकार्याशी कायमचे जोडलेले आहे, आणि मंडपेश्वरच्या लेण्याचे चर्च झाले ते त्यांच्याच हाताने. देवळे पडली, हे खरे आहे. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेल्या धर्मन्यायालयाचा हात वसईपर्यंत पोहोचत होता, हेही खरे आहे. आपले पूर्वज सगळेच्या सगळे धाकाने ख्रिस्ती झाले असे मी म्हणणार नाही, सगळे अंतःप्रेरणेने झाले असेही म्हणणार नाही. जमिनीचा हक्क, गावकीची साथ, राज्यकर्त्याची मर्जी, कोण्या एखाद्या पाद्रीचा खरा जिव्हाळा, अशा दहा गोष्टी एकाच घरात एकाच वेळी काम करीत असतील. माणसे आजही निर्णय असेच घेतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्यांनी हे केले त्या पाद्रींना आपल्या पणज्यांची भाषा, वाडी, रहाट, लाल लुगडे आणि निर्मळची यात्रा यांतले काहीच पुसता आले नाही. कार्तिकातल्या त्या यात्रेत आजही आपली माणसे सुकेळी विकायला बसतात, आणि शंकराचार्यांच्या समाधीचे दर्शन घेऊन परतणारा यात्रेकरू ती सुकेळी प्रसादासारखी घरी नेतो. तुझ्या आजीचा राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घालण्याचा हिशेब सगळा त्या यात्रेच्या तारखेवर चालायचा.

आणि एक गोष्ट गमतीची आहे. त्या दोनशे वर्षांत वसईत संन्याशांची एवढी गर्दी होती, किल्ल्यात एकेका संघाचा स्वतंत्र मठ आणि चर्च होते. पण वसईच्या मातीतून जो संत झाला तो धर्मगुरू नव्हताच. गोन्सालो गार्सिया जपानात व्यापार करीत होता, पुढे तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून राहिला, नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याला क्रुसावर चढवले गेले आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. वेदीवर आज ज्याचा पुतळा आहे, त्याला जिवंतपणी त्या वेदीवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करण्याचा अधिकार नव्हता.

पाटीवर सगळ्यांत मोठे खिंडार आहे ते १७३९ नंतर. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तो मे महिना होता. तह झाल्यावर आठवड्याभरात पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर संन्याशांचे संघही गेले. येथे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा धर्म पाळू देण्याचे तहात मान्य झाले होते. पण धर्म पाळू देणे वेगळे आणि तो पाळायला फादर असणे वेगळे. चर्चेसची लाकडे गेली, जमिनीचे उत्पन्न गेले, घंटा गेल्या. तुला मेणवली आठवते का? तू सहावीत होतास, आपण वाईला गेलो होतो आणि नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर ती मोठी घंटा तू पाहिलीस. तिच्यावर मरियामाता आणि बाळ येशू कोरलेले आहेत आणि १७०७ साल आहे. तू बोटाने ते आकडे चाचपून म्हणालास, ‘पप्पा, ही आपली आहे, आपण नेऊ या का?’ तेथे बसलेले एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने हसले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची घंटाही अशीच वसईच्या लढाईतली म्हणून सांगतात. मला स्वतःला त्या घंटा परत आणाव्यात असे कधीच वाटले नाही. अडीचशे-तीनशे वर्षे त्या ज्या गावासाठी वाजल्या, त्या गावाच्या झाल्या. पण त्या गेल्यानंतर आपल्याकडे माणसांना बोलावण्यासाठी काय होते, हा प्रश्न मात्र मला मंगळवारी वही उघडण्याआधी कधी पडला नव्हता.

उत्तर असे की गोव्याचे पाद्री होते. संघांचे गोरे संन्यासी गेले तेव्हा गोव्यातल्याच बार्देश आणि साष्टी या भागांतील देशी धर्मगुरू आले आणि जवळजवळ दोनशे वर्षे तेच येत राहिले. पोर्तुगीज राज्य नव्हते, पगाराची खात्री नव्हती, वर मराठ्यांचा अंमल, मग इंग्रजांचा वेढा, पुन्हा मराठे, शेवटी पेशवाई बुडाल्यावर इंग्रज, असे झेंडे बदलत होते. या माणसांच्या नावाने एकही रस्ता नाही, एकही शाळा नाही. आपल्या इतिहासाची पुस्तके किल्ला पडला तिथे थांबतात आणि इंग्रजी शाळा निघाल्या तिथे पुन्हा सुरू होतात. मधल्या काळात गळक्या छपराखाली मेणबत्ती लावून ज्यांनी पोरांचे बाप्तिस्मे केले, त्यांचे उल्लेख कुठे सापडतात? आपल्या ऑफिसातल्या सर्वांत जुन्या वहीत, पोर्तुगीज भाषेत, तिरक्या लपेटदार अक्षरात.

त्या अक्षराकडे मी बराच वेळ पाहत होतो. साहाय्यक धर्मगुरू तरुण आहेत, ते शेजारी येऊन बसले आणि काही ओळी आम्ही दोघांनी मिळून लावल्या. एकाच फादरांचे अक्षर सुरुवातीला ताठ आणि सुबक, पंधरा-सोळा वर्षांनी मोठे आणि थरथरते. मग एका पानावर ते अचानक संपते आणि पुढची नोंद वेगळ्या हाताची येते. तो माणूस आपल्याकडेच म्हातारा झाला. गोव्याला परत गेला की इथेच वेदीजवळच्या फरशीखाली आहे, हे वही सांगत नाही.

ते गोव्याचे पाद्री आणि आपले लोक एकमेकांशी बोलत तरी कसे असतील, असे मी त्या तरुण फादरांना विचारले. ते म्हणाले, ‘सर, माझ्या पहिल्या नेमणुकीत मी ज्या भाषेत बोललो तसेच, थोडी त्यांची, थोडी माझी.’ नावांतही तेच दिसते. आपल्या घरात जोसेफ हे नाव प्रत्येक पिढीत एकदा तरी येते. माझ्या पणजोबांची नोंद ‘जोझे’ अशी आहे. त्यानंतरच्या वहीत पोर्तुगीज जाऊन लॅटिन आली, म्हणून माझे मोठे काका ‘जोसेफुस’ आहेत. मग इंग्रजी आली, तिच्यात माझा चुलतभाऊ ‘जोसेफ’ आहे. घरी मात्र तिघांनाही सगळे जन्मभर ‘जुजे’च म्हणत, आणि ‘जुजे’ हे नाव कोणत्याही वहीत नाही. फादर बदलले तशी वहीची भाषा बदलली. ओट्यावरून मारलेली हाक तीच राहिली.

मध्ये धर्मसत्तेचा एक मोठा तंटा होऊन गेला, तो थोडक्यात सांगतो, कारण त्याचे तपशील वाचून माझेच डोके दुखले आहे. पूर्वेकडचे बिशप नेमण्याचा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता, त्याला पाद्रोआदो म्हणत. इंग्रजांना आपल्या मुंबईत गोव्याच्या आर्चबिशपची सत्ता नको होती, म्हणून १७२० मध्ये त्यांनी तिथली चर्चेस थेट रोमच्या हाताखालील कार्मेलाइट संन्याशांकडे दिली, आणि १७९४ मध्ये तीही दोघांत वाटली गेली. त्यामुळे मुंबईत आणि मुंबईजवळच्या साष्टीत एकाच गावात दोन पक्ष, दोन फादर, आणि लग्न कोणाकडे लावायचे यावरून भाऊबंदकी, असे चित्र कित्येक वर्षे होते. वसई गोव्याच्या बाजूला राहिली. १८८६ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार होऊन दमणचा धर्मप्रांत झाला तेव्हा आपण त्यात गेलो, आणि १९२८ मध्ये तो मोडल्यावर मुंबईच्या आर्चबिशपच्या छत्राखाली आलो. तेव्हाही मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असायचा, अशी पाळी ठरलेली होती. पहिला भारतीय, व्हॅलेरियन ग्रेशस, १९५० मध्ये झाला. देश स्वतंत्र झाला त्यानंतर तीन वर्षांनी! हे वाक्य मी वर्गात दरवर्षी सांगत असे आणि मुले दरवर्षी हसत असत.

या सगळ्या वर्षांत गावात काय चालले होते, ते वरच्या करारांत दिसत नाही. ते पाहायचे तर मृत्यूची वही उघडावी लागते. १९१८ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरची पाने मी मोजली नाहीत, मोजवली नाहीत. एरवी ज्या वहीत महिन्याला एखाद-दोन नोंदी आहेत, तिच्यात त्या दिवसांत एकाच तारखेखाली एकाच आडनावाच्या नोंदी एकापाठोपाठ एक येतात आणि फादरांचे अक्षर घाईचे होत जाते. काही ठिकाणी वय लिहिलेले नाही, काही ठिकाणी नावाऐवजी फक्त ‘अमक्याची मुलगी’ आहे. इन्फ्लुएंझाची ती साथ. आपल्या जुन्या घराच्या मागच्या अंगणातील जो क्रूस आहे, तो त्याच साथीनंतर बांधला असे तुझी आजी सांगायची.

आणि त्याच वर्षी, साथ येण्याआधी, पापडीला मोन्सिन्योर मोनिस यांनी पतपेढी सुरू केली होती. तुझे पहिले खाते ज्या बसीन कॅथॉलिक बँकेत मी उघडून दिले, तिचे मूळ ती पतपेढी. सावकाराच्या व्याजात वाडी अडकलेली माणसे रविवारी मिस्साला येत आणि सोमवारी गहाणखतावर अंगठा देत. हे पाहून एका धर्मगुरूला प्रवचनाऐवजी हिशेबाची वही उघडावीशी वाटली, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठी वाटते. बाप्तिस्म्याची वही, मृत्यूची वही आणि पतपेढीचे पासबुक; आपल्या आजोबांच्या पिढीचे आयुष्य या तीन वह्यांत बसत होते.

माझ्या स्वतःच्या आठवणीतला पहिला फादर म्हणजे काळ्या झग्याचा आणि तपकिरीचा वास. मी वेदीसेवक होतो. आम्हाला लॅटिन उत्तरे पाठ करावी लागत आणि त्यांचा अर्थ आम्हांला कोणी सांगत नसे. ‘एत कुम स्पिरितु तुओ’ हे मी इतके भरभर म्हणायचो की फादर वेदीकडे तोंड करून उभे असताना मागे न वळता फक्त डावा हात खाली करून बोटांनी ‘हळू’ अशी खूण करीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात, मिस्सा मराठीत आली आणि फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. सगळ्यांना आनंद झाला असे पुस्तकात वाचशील. तुझी पणजी मात्र रागावली होती. तिचे म्हणणे असे की पूर्वी फादर आपले काम करीत आणि ती आपली माळ म्हणत असे. आता फादर काय बोलतात ते सगळे समजते, त्यामुळे माळ म्हणायला सवडच मिळत नाही.

त्याच सुमारास पाटीवरची आडनावे ओळखीची होऊ लागतात. लोपीस, तुस्कानो, डाबरे, कोरिया, दिब्रिटो. आपल्याच वाड्यांतली मुले सेमिनरीत जाऊन फादर होऊन परत आली. पहिल्यांदा असे झाले की कबुलीजबाब ऐकणाऱ्याला आपली बोली पूर्ण समजत होती. (यामुळे कबुलीजबाबाला जाणाऱ्यांची संख्या घटली असे तुझे काका म्हणायचे.) नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना तू पाहिले आहेस. ‘सुवार्ता’ या मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. आपल्या विहिरींचे पाणी टँकरवाले रात्रंदिवस उपसून नेत होते, बावखले, म्हणजे वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी, बुजवून इमारती उठत होत्या आणि बोलणाऱ्याला दम दिला जात होता, तेव्हा हरित वसईच्या आंदोलनात ते पुढे उभे राहिले. त्या मोर्चांत मी होतो, तुझी मम्मीही होती, आणि आमच्याबरोबर निर्मळचे, आगाशीचे, बोळिंजचे हिंदू शेतकरीही होते. विहीर आटताना कोणाची ते पाहून आटत नाही. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी साहित्य संमेलनाच्या खुर्चीवर ख्रिस्ती धर्मगुरू बसण्याची ती पहिलीच वेळ होती. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा तू सुट्टी मिळाली नाही म्हणून येऊ शकला नाहीस, आणि त्याबद्दल हळहळलास, हे मला आवडले होते.

पण मोठ्या फादरांची गोष्ट सांगितली की धर्मग्रामाची गोष्ट झाली, असे मला वाटत नाही, आणि इथे मी थोडा कडू होणार आहे. पाटीवरच्या नावांत दोन प्रकार आहेत. काही जणांच्या नावावर इमारती आहेत. हॉल, ग्रोटो, नवा मनोरा, नवी फरशी. एका फादरांच्या काळात आपले जुने सागवानी छप्पर आणि मंगळुरी कौले उतरवून वर सिमेंटचा स्लॅब पडला. विरोध करणाऱ्या आम्हा चार-पाच जणांना ‘श्रद्धा कमी आहे’ असे वेदीवरून ऐकावे लागले, आणि आता मे महिन्यात आत बसवत नाही. आमचाही दोष होताच. सगळे फादर ठरवतील, फादर पैसा आणतील, फादर भांडण मिटवतील, अशी सवय आम्ही स्वतःला लावून घेतली आणि मग फादर ठरवतात म्हणून कुरकुर केली.

दुसऱ्या प्रकारातले एक फादर माझ्या मनातून जात नाहीत. त्यांनी पाच वर्षांत काहीही बांधले नाही. त्यांच्या नावाचा कोठेही दगड नाही. ते सायकलवरून फिरत, आणि कोणत्याही घरी गेले की ओट्यावर न बसता थेट मागच्या बाजूला विहिरीवर जात, कारण संध्याकाळी घरातील माणसे तिथेच असतात. बांधाच्या एका हाताच्या पट्ट्यावरून तुझे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यात नऊ वर्षे अबोला होता, हे तू ऐकले आहेस. तो मिटला कसा हे तुला कोणी सांगितले नसेल. ते फादर एका संध्याकाळी आले, पानवेलीच्या वाफ्याजवळ उकिडवे बसले, आणि आजोबांना म्हणाले की मला पानवेल लावायला शिकवा. आजोबा शिकवू लागले. अर्ध्या तासाने फादर म्हणाले, ‘तुमचे भाऊ म्हणतात, वेलाला आधाराचा शेवगा या अंगाला हवा.’ आजोबा भडकले, ‘त्याला काय कळते?’ आणि भावाला त्याची चूक दाखवण्यासाठी, नऊ वर्षांनी, स्वतः बांध ओलांडून गेले. तिकडून भांडणाचा आवाज आला, मग चहाच्या कपांचा. फादर तेवढ्यात सायकल घेऊन निघून गेले होते. त्या दोघांनी पुढे जन्मभर शेवग्यावरून वाद घातला, पण बांधाचा विषय परत काढला नाही.

त्या फादरांचे अक्षर मी वहीत शोधून काढले. बारीक आणि वाचायला कठीण. तुझ्या बाप्तिस्म्याच्या नोंदीखाली त्यांचीच सही आहे.

१९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशप थॉमस डाबरे पहिले आले, ते तुला आठवत नसेल. त्यानंतर ऑफिसात संगणक आला, दाखले छापील झाले. पण वही अजून हातानेच लिहितात, आणि वहीचे अलीकडचे भाग पाहताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. पूर्वी समासात लग्नाच्या ज्या नोंदी आहेत त्या निर्मळ, गास, सांडोर, पापडी, माणिकपूर अशा आहेत. म्हणजे बैलगाडीने जाता येईल एवढ्या अंतरातल्या. मग मालाड, बांद्रा, माहीम येऊ लागतात. आणि आता दुबई, मेलबर्न, टोरांटो. उजवीकडे बाप्तिस्म्यांच्या नोंदी विरळ होत चालल्या आहेत आणि डावीकडे समासात गावांची नावे लांब लांब जात आहेत. मी हे तुला टोमणा म्हणून लिहीत नाही. तुझे बंगळुरूला असणे मला रुचत नसले तरी समजते. फक्त कोणीतरी तिकडून कळवते आणि इकडे कोणीतरी त्या जुन्या पानापर्यंत पोहोचून, बापाचे नाव, आईचे नाव ताडून, बारीक अक्षरात एक ओळ लिहिते, हे मला पाहायला मिळाले. आणि ते पाहिल्यावर मला तुझा फोनवरचा प्रश्न आठवला.

तुझी नोंद मी नीट पाहिली. तारीख, तुझे नाव, माझे आणि मम्मीचे नाव, धर्मपिता म्हणून तुझे मोठे मामा, धर्ममाता म्हणून माझी बहीण. समासात दृढीकरणाची एक ओळ आहे आणि तिच्याखाली साधारण दोन बोटे जागा रिकामी आहे. ऑफिसातल्या मुलीने सांगितले आहे की, लग्न झाल्यावर मंगळूरच्या फादरांनी इकडे रीतसर पत्र पाठवणे आवश्यक आहे, आणि पुष्कळदा ते राहून जाते. तेव्हा लग्नाच्या गडबडीत विसरू नकोस. त्यांना आठवण करून दे, आणि पत्रावर आपल्या धर्मग्रामाचे नाव आणि पिन कोड बरोबर लिहिला आहे का ते स्वतः पाहा. वहीचा आणि पानाचा क्रमांक दाखल्यावर डाव्या कोपऱ्यात आहे.

मम्मीने सुकेळ्यांचा डबा वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. यंदाची सुकेळी जरा गडद झाली आहेत, पण गोडीला चांगली आहेत.

तुझे,
पप्पा